जुन्या नंबरवरची बाई

ट्रंकबाई पान ‘उघडलं’ असं कधी म्हणायच्या नाहीत. पान ‘लागलं’ म्हणायच्या. सकाळी कार्यालयात आल्या की पदरानं चष्मा पुसायच्या, संगणकापुढं बसायच्या आणि आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावरचं एकेक पान दाबून बघायच्या. उघडलं की, “लागलं.” नाही उघडलं की, “हे लागून नाही राहिलं.” हे त्या स्वतःशीच बोलत, पण त्यांचा आवाज घरगुती वापरासाठी बनलेलाच नव्हता. पलीकडच्या लेखा विभागातले लोक आमच्या संकेतस्थळाची तब्येत भिंतीआडून ऐकत असत.

त्यांची उभी नोकरी अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. खरं नाव सुशीला तायडे. पण ज्या पिढीनं एका ट्रंककॉलसाठी अर्धा दिवस फोनशेजारी बसून काढला, तिनं त्यांना ट्रंकबाई म्हटलं, आणि पुढच्या पिढीनं अर्थ न विचारता ते नाव चालू ठेवलं. थेट फोन लागायला लागले तेव्हा बाईंचा वायरी खोचून फोन जोडायचा बोर्ड भंगारात गेला आणि बाई तक्रार विभागात गेल्या. तिथं काही वर्षं लोकांच्या शिव्या ऐकून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, अमरावतीला बहिणीकडं राहायला आल्या आणि आमच्या संस्थेत शेतकरी मदतवाहिनीच्या फोनवर बसल्या. नेमणुकीच्या वेळी त्यांना अनुभव विचारला गेला. त्या म्हणाल्या, “अर्ध्या वऱ्हाडाचं बोलणं माह्या कानातून गेलं आहे. कोणाचं काय, ते विचारू नका.” मुलाखत घेणाऱ्यांपैकी दोघंतिघं एकदम पाणी प्यायले.

ती वर्षं वऱ्हाडासाठी वाईट होती आणि वऱ्हाडाविषयी लिहिणाऱ्यांसाठी बरी. पांढऱ्या गाड्यांचे ताफे यायचे, कपाशीत उभं राहून फोटो निघायचे, आणि मग अहवाल व्हायचे. ज्यांच्याविषयी ते असत ते सोडून बाकी सगळे ते वाचायचे. आमची संस्था मुळात दोन महाविद्यालयं आणि एक वसतिगृह चालवणारी; पण शेतकऱ्यांसाठी काही करणं तेव्हा आवश्यक होतं, आणि करतो आहोत हे दिसणं अत्यावश्यक. म्हणून मदतवाहिनी आली, आणि तिच्या मागोमाग संकेतस्थळ. आमचे अध्यक्ष भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त प्रत्येक रिकाम्या जागेत आपला फोटो दिसायचा.

मी महाविद्यालयात मराठी शिकवत होतो, म्हणून मजकूर समितीवर माझी वर्णी लागली. समितीत बरेच जण होते आणि मजकूर मी लिहायचो. संकेतस्थळ सीएमएसवर उभं होतं. प्रोग्रामिंगचं ओ की ठो न कळणाऱ्यानंही पान लिहावं, कोणत्या पानाखाली कोणतं पान ते ठरवावं आणि ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबावं, अशी तयार सोय म्हणजे सीएमएस. तशी ती धोक्याची सोय आहे. पूर्वी भाषण छापायला निदान छापखान्यापर्यंत चालत जावं लागायचं. आमच्या मुख्य पानावर ‘अध्यक्षांचे मनोगत’ होतं, त्याखाली ‘संस्थेची वाटचाल’, त्याखाली ‘ध्येय व उद्दिष्टे’, आणि त्याखाली ‘शेतकऱ्यांसाठी माहिती’. हे शेवटचं दाबलं की पिवळी टोपी घातलेला, फावड्यानं माती उकरणारा एक माणूस दिसे आणि लिहिलेलं असे, की माहिती लवकरच उपलब्ध होईल.

बाई फोनवर बसल्यानंतर थोड्याच दिवसांनी तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातून एका बाईचा फोन आला. नवरा कपाशीवर फवारा मारून घरी आला होता, त्याला गरगरत होतं, तोंडातून लाळ येत होती, काय करू? ट्रंकबाईंनी तिला थांबायला सांगितलं आणि समोरच्या संगणकावर उत्तर शोधलं. त्यांना भाऊसाहेबांचं मनोगत मिळालं. मग वाटचाल मिळाली. मग तो पिवळ्या टोपीचा माणूस मिळाला. त्यांनी महाविद्यालयातल्या कृषीच्या प्राध्यापकांना बोलावणं पाठवलं. ते धावत येईपर्यंत लाइन तुटली. नंबर कळण्याची सोय त्या फोनवर नव्हती. त्या घरी पुढं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्याकडं आल्या आणि पडद्यावरच्या त्या खोदणाऱ्या माणसाकडं बोट दाखवून म्हणाल्या, “सर, हा कव्हापासून खोदून राहिला? एवढ्यात तं विहीर झाली असती.” मी हसलो. त्या हसल्या नाहीत. “माणूस लाइनवर आहे, अन् तुमी त्याले लवकरच म्हणता. मले शिकवा हे पान कसं लावतात ते.”

मी शिकवलं. त्या लवकर शिकल्या असं म्हणवत नाही. जतन न करता खिडकी बंद करायची आणि मग संगणकाच्या खानदानाचा उद्धार करायचा, असं बरेच दिवस चाललं. पण कृषीच्या प्राध्यापकांना आणि एका डॉक्टरांना पिडून त्यांनी पहिलं पान तयार केलं ते फवारणीचं. अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या, वाट न बघता दवाखान्यात न्या. आणि खाली जिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यांचे फोन. माझं शीर्षक होतं, ‘कीटकनाशकांमुळे होणारी विषबाधा : प्रथमोपचार’. बाईंनी ते पुसून लिहिलं, ‘फवारताना गरगरलं तर’. मी प्रमाणभाषेची बाजू मांडली. त्या म्हणाल्या, फोन करणारा पहिलं वाक्य जे बोलतो तेच पानाचं नाव. आपण ठेवलेलं नाव फक्त आपल्यालेच माईत असते. यावर माझ्याकडं एम.ए.पर्यंतच्या अभ्यासात काही सापडलं नाही.

पानं वाढत गेली आणि आमची भांडणंही. बाईंना उपपान हा प्रकार मुळीच पटत नसे. पानाच्या पोटात पान काहून, असा त्यांचा सवाल होता. एक्स्चेंजच्या बोर्डावर सगळी भोकं समोर असतात, भोकात भोक नसतं. म्हणून त्यांनी प्रत्येक पान थेट मेन्यूत टाकलं. मेन्यू पडद्याच्या तळाशी पोचला आणि पलीकडं वाहून गेला. बोंडअळीपासून बैलाच्या खुरापर्यंत सगळं एका ओळीत उभं, एसटीच्या दाराशी लागलेल्या रांगेसारखं. भाऊसाहेबांनी विचारलं, हे काय आहे? बाई म्हणाल्या, बोर्ड आहे. तेव्हा मात्र मी हट्टाला पेटलो. शेवटी तह झाला तोही त्यांच्याच शास्त्राप्रमाणं. पूर्वी डोंगरातल्या धारणीला फोन लावायचा तर एका एक्स्चेंजमधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असा जायचा, आणि दुसऱ्याच्या पुढं माणूस विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू यायचा. म्हणून दोनदा दाबण्याच्या आत हवं ते पान लागलंच पाहिजे. तिसऱ्यांदा दाबावं लागलं तर ते पान नाही, ती धारणी. संस्थेत नंतर हा शब्द रूढ झाला. कोणाची फाइल सापडेनाशी झाली की कारकून म्हणत, ती धारणीले गेली.

त्यांचे दोष सांगायचे तर पुष्कळ होते. दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्याची जुनी सवय होती आणि मधेच तोंड घालण्याची नवी. प्राचार्य फोनवर मुलीच्या लग्नाची बोलणी करत असताना बाई दारातून म्हणाल्या होत्या, तो मुलगा नको, त्याच्या बापाचे अकोल्याचे फोन मी जोडले आहेत. आपण लिहिलेल्या पानात दुसऱ्यानं स्वल्पविराम हलवला तरी त्या दिवसभर बोलत नसत, आणि त्यांचं न बोलणंही मोठ्या आवाजात असे.

गावात तेव्हा इंटरनेट फारसं नव्हतं. मग ही पानं वाचायचं कोण, अशी शंका मी काढली होती. उत्तर हिवरखेडहून आलं. तिथं शकीलभाई नावाचा एकजण नेट कॅफे चालवायचा. भारनियमनातून जी वीज उरेल तेवढा वेळ. पोरं निकाल बघायला यायची आणि बापाला हवं असलेलं पान छापून न्यायची. शकीलभाईनं पुढं जाऊन बाईंच्या महत्त्वाच्या पानांचे पत्ते पेंटरकडून दुकानाच्या भिंतीवर लिहून घेतले. एकाखाली एक, इंग्रजी अक्षरं आणि आकडे, आणि समोर मराठीत कोणतं पान ते. सगळ्यात वर, लाल रंगात, फवारणीचं. आजूबाजूच्या गावातले कॅफेवाले आणि कृषी केंद्रवालेही तिथून पत्ते उतरवून नेऊ लागले. त्यानं बाईंना फोनवर बजावलं, “बाई, भिंत पक्की रंगवली आहे. आता तुमी पान इकडचं तिकडं करू नका, खुदा के वास्ते.” बाईंनी शब्द दिला. एक्स्चेंजमध्ये दिलेला शब्द आणि लावलेली लाइन मधेच सोडत नाहीत, असं त्यांचं मत होतं. माझा टेलिफोन खात्याचा अनुभव वेगळा होता, पण मी तो बोलून दाखवला नाही.

मग भाऊसाहेबांना नवं संकेतस्थळ हवंसं झालं. मुंबईहून कोणी बडे पाहुणे वऱ्हाडाची परिस्थिती बघायला येणार होते, त्यांच्या हस्ते उद्घाटन करायचं ठरलं. पुण्याच्या एका कंपनीला काम दिलं. त्यांनी एक सभ्य, गोरापान तरुण पाठवला. त्यानं पडद्यावर नमुना दाखवला : भाऊसाहेब ट्रॅक्टरवर, भाऊसाहेब विद्यार्थिनींसोबत, भाऊसाहेब क्षितिजाकडं बघताना, फोटो एकामागून एक सरकत होते. पानांची नवी रचना होती, पत्तेही नवे. फवारणीचं पान ‘आमचे उपक्रम’, त्यात ‘आरोग्य’, त्यात ‘जनजागृती’ यांच्या पोटात गेलं होतं. बाई एवढंच म्हणाल्या, “धारणी.” ते पान वर घ्यायला तो तरुण लगेच तयार झाला. मग बाईंनी खरा प्रश्न विचारला.

“जुन्या नंबरवर कोण बसन?”

त्याला कळेना. बाईंनी समजावलं. दुकानाचा, दवाखान्याचा नंबर बदलला तरी लोकांच्या डायरीत जुनाच असतो. तेव्हा जुन्या नंबरवर ऑपरेटर बसवायचो आम्ही. फोन आला की सांगायचं, नंबर बदलला आहे, थांबा, नवा जोडून देते. हिवरखेडच्या भिंतीवर जुना पत्ता आहे. कोणी तो दाबला तर काय दिसन? तरुण म्हणाला, “‘पान सापडले नाही’ असं येईल, मॅडम. मागच्या बाजूनं व्यवस्था करता येते, पण ती आपल्या करारात नाहीये.” बाईंनी विचारलं, हंगाम कोणता चालू आहे, माईत आहे का? त्याला माहीत नव्हतं. फवारणीचा होता.

करारात नसलेलं काम बाईंनी हातानं केलं. सीएमएसमध्ये एकेका जुन्या पत्त्यावर एकेक छोटं पान लावलं. त्यावर फक्त, हे पान येथून हलवले आहे, आणि नव्या जागेची लिंक. फवारणीच्या जुन्या पत्त्यावर त्यांनी लिहिलं, ‘पान पुढे आहे. थांबू नका, येथे दाबा.’ कार्यालय बंद होईपर्यंत बसायच्या, शिपाई दाराशी किल्ल्या वाजवायचा. मी म्हटलं, महत्त्वाच्या तेवढ्या पानांना करा. त्या म्हणाल्या, महत्त्वाचं कोणतं ते फोन करणारा ठरवते. अशा रीतीनं त्यांनी सगळ्याच जुन्या पत्त्यांवर माणूस बसवला. अध्यक्षांच्या मनोगतालाही सोडलं नाही.

उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका आधीच छापून झाली होती, मनोगताच्या जुन्या पत्त्यासकट. सभागृहात मोठा पडदा लावला. पाहुण्यांनी दीप लावला, भाऊसाहेबांनी पत्रिका समोर धरून पत्ता टाइप करायला लावला आणि स्वतः बटण दाबलं. पडद्यावर भिंतीएवढ्या अक्षरांत आलं : ‘अध्यक्षांचे मनोगत येथून हलवले आहे. वाचायचे असल्यास येथे दाबा.’

त्यातलं ‘असल्यास’ प्रत्येकानं नीट वाचलं. मग मागच्या रांगेतून एकानं अगदी नम्रपणे सुचवलं, “दाबा ना, साहेब.” पाहुणे हसले, आणि पाहुणे हसल्यामुळं कार्यकारिणीलाही हसावं लागलं. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या हळूच, म्हणजे चार रांगांना ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाल्या, “लागलं.”

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना बोलावणं आलं. भाऊसाहेब चिडलेले नव्हते, दुखावलेले होते, आणि ते जास्त अवघड असतं. ते म्हणाले, ही हलवल्याची पानं आजच्या आज काढा. बाई म्हणाल्या, तुमचं काढते, बाकीची राहू द्या. भाऊसाहेबांनी नकारार्थी मान हलवली. कार्यकारिणीत प्रश्न आला होता, सगळं साफ झालं पाहिजे असं ठरलं होतं, आणि नवं घर बांधल्यावर जुन्या घराच्या पायऱ्या कोणी ठेवत नाही.

“फवारणी चालू आहे, भाऊसाहेब,” बाई म्हणाल्या. “लोकं जुन्याच पायरीवर येतीन.”

“बाई, मले कार्यकारिणीले काईतरी काढलेलं दाखवा लागते. समजून घ्या.” भाऊसाहेब प्रथमच आमच्यासमोर वऱ्हाडीत बोलले. भाषणाचं मराठी संपलं की ते खरं बोलत, हे मला तेव्हा कळलं.

बाईंनी पदरानं चष्मा पुसला. मग म्हणाल्या, “मंग माणूस काढा. पान ठेवा.”

“कोणता माणूस?”

“मीच. मी लावले, मले काढलं असं सांगा. कोणी पानं मोजत नाही बसत. पण दिवाळीपर्यंत एकही हलवाचं नाही. हे सरांसमोर कबूल करा.”

भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी भिंतीकडं. बाईंना त्या मानधनाची गरज होती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. बहिणीच्या घरात त्या मानधनामुळं त्यांचा शब्द चालायचा. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही त्याग वगैरे करत असल्याचा भाव नव्हता. एक वायर काढून दुसरीकडं खोचायची असावी, तसं ते बोलणं होतं. भाऊसाहेबांनी कबूल केलं, आणि त्यांच्या बाजूनं सांगायचं तर शब्द पाळला. दिवाळीनंतरही ती पानं काढायचं त्यांनी कधी काढलं नाही.

निरोप समारंभ झाला. काढलेल्या माणसाला शाल आणि श्रीफळ देण्याची आपल्याकडं पद्धत आहे. बाईंनी संस्थेला डिजिटल युगात नेलं असं भाऊसाहेब बोलले. त्यांना घरी का पाठवताहेत ते बोलले नाहीत. बाईंनी उत्तरादाखल एवढंच सांगितलं, की पासवर्ड सरांजवळ आहे आणि सकाळची पानं सर लावून बघतीन. मला हे आधी विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्या अकोल्याला भावाकडं राहायला गेल्या, आणि मी रोज सकाळी तास सुरू व्हायच्या आधी संगणकापुढं बसू लागलो.

त्या हंगामाच्या शेवटी शकीलभाई मुलाच्या प्रवेशासाठी अमरावतीला आला आणि मला भेटून गेला. बोलता बोलता म्हणाला, की भिंतीचा उपयोग झाला. शेजारच्या गावचा एकजण फवारणीवर होता, शेतातच पडला. त्याची मुलगी दुकानात पळत आली. भिंतीवरचा लाल पत्ता टाकला तर पान पुढे आहे, थांबू नका, असं काही आलं. ते दाबलं, छापलं, आणि तो कागद व औषधाची बाटली घेऊन जीप अकोल्याला निघाली. माणूस आठ-दहा दिवसांनी घरी आला, आता चौकात बसून सगळ्यांना सल्ले देतो. मी त्याला सांगायला लागलो, की ते पान कोणी लावलं होतं आणि त्यापायी काय झालं. तो ऐकत होता, पण त्याचं अर्धं लक्ष प्रवेशाच्या रांगेकडं होतं. रांग सरकली आणि तो माझा हात दाबून निघाला.

मी संध्याकाळी बाईंना अकोल्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्या माणसाचं, त्याच्या मुलीचं, जीपचं. बाईंनी मधे एकदाही तोंड घातलं नाही, हे त्यांच्या बाबतीत मी प्रथमच अनुभवत होतो. मी म्हणालो, शकीलभाईला तुमचं नाव सांगायचं राहून गेलं, पत्र लिहून कळवतो.

“कायले?” बाई म्हणाल्या. “पोरगी दवाखान्यात पोचली ना बापाले घेऊन? मंग झालं. सर, दोघं जण बोलाले लागले, की ऑपरेटरनं आपला कान काढून घ्या लागते. नाही तं त्याले चोरून ऐकणं म्हणतात.”

वायरीतून अकोल्याच्या घरातली भांडी वाजताना ऐकू येत होती. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडं पाणी कसं आहे, माही बहीण दिसते का, प्राचार्यांच्या मुलीचं कुठं जमलं. सगळ्याची उत्तरं घेतली आणि फोन ठेवला.